‘तो एरिया चांगला नाही’ हे ठरवतं कोण?

टेकडीवरचा_वारा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

पुण्यात टू बीएचके शोधतोय. बायकोचं ऑफिस खराडीला, माझं स्टेशनजवळ, आणि बजेट आपलं बेताचं. हे सगळं गणित मांडलं की नकाशावर बोट येरवड्यावर येऊन थांबतं. एक फ्लॅट पसंतही पडलाय. जुनी पण धड सोसायटी, हवा खेळती, स्वयंपाकघराला खरीखुरी खिडकी. जाहिरातीत ‘कल्याणीनगर ॲनेक्स’ होतं. एजंट म्हणाला, ‘कल्याणीनगरच समजा सर.’ कागद मागवले तर इंडेक्स टूवर (खरेदीच्या सरकारी नोंदीच्या उताऱ्यावर) स्वच्छ ‘मौजे येरवडा’.

घरी सांगितलं आणि सुरू झालं. आई म्हणाली, ‘जेलजवळ राहतो असं सांगायचं का लोकांना?’ काका म्हणाले, ‘मेंटल हॉस्पिटल शेजारीच, तुझी सोय झाली.’ सासरे काहीच बोलले नाहीत, फक्त कोथरूडमधल्या वन बीएचकेच्या लिंका पाठवू लागले. यातलं कोणीही येरवड्यात कधी राहिलेलं नाही. आईचा त्या भागाशी संबंध म्हणजे विमानतळाकडे जाताना रिक्षातून दिसेल तेवढाच.

तर प्रश्न असा, की एखाद्या भागाचं नाव नक्की कोण ठरवतं? राहणारे, शेजारचे, पेपरवाले की बिल्डर? आणि राहणाऱ्यांचं मत नि बाहेरच्यांचं मत यांचा काही मेळ असतो का? आपापल्या भागाबद्दल लिहा.

‘कोथरूडलाच घे’ असं कृपया सांगू नका. परवडत नाही.

चकलीचं_भोक

कोथरूडलाच घे.

(दिवे घ्या, गंमत केली.)

रस्तापेठी

येरवड्याला नावं ठेवणाऱ्यांना विचारा, डेक्कन कॉलेज कुठे आहे? येरवड्यात. संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८पासून जिथे चाललंय ते हेच. टिळक तिथे शिकले, आणि १८९८ साली येरवड्याच्या तुरुंगातही राहिले. म्हणजे लोकमान्यांचा दोन्ही येरवड्यांचा अनुभव आहे, तुमच्या काकांना सांगा. १९३२चा पुणे करार झाला तोही येरवड्याच्या तुरुंगात. करार येरवड्यात आणि नाव पुण्याचं! काही चांगलं झालं की ते पुण्याचं, वेडाबिडाचा विषय निघाला की येरवड्याचं. ही वाटणी फार जुनी आहे.

मीनाक्षी_ठाणे

@टेकडीवरचा_वारा, ठाण्याहून सहानुभूती. आमच्या लहानपणी मुंबईच्या नातेवाइकांना ‘आम्ही ठाण्याला असतो’ म्हटलं की ‘आत की बाहेर?’ हा विनोद ठरलेला. मनोरुग्णालय १९०१पासूनचं, आणि विनोदही बहुधा तेव्हापासूनचाच. आज तेच नातेवाईक घोडबंदर रोडला घर घेऊन बसलेत आणि ‘लेक सिटी’ म्हणतात. रुग्णालय आहे तिथेच आहे हं. विनोद मात्र बंद झाला, कारण विनोद करणाराच आता ठाणेकर झाला.

अवांतर: उल्हासनगरची तऱ्हा याहून न्यारी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांमध्ये आणून ठेवलं, तिथे त्यांनी शून्यातून बाजारपेठ उभी केली, आणि बाकीच्यांनी काय लक्षात ठेवलं? ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. अजूनही जीन्स मात्र तिथूनच आणतात.

कोकणचा_चाकरमानी

राज्यात अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि आमची रत्नागिरी. रत्नागिरीला कोणी त्यावरून चिडवत नाही, हापूसवरून भाव विचारतात. तात्पर्य, येरवड्याने आंबे लावावेत.

वास्तववादी_माणूस

सगळे भावनिक होताय. आग असल्याशिवाय धूर निघत नाही. मी नोकरीच्या सुरुवातीला ‘अप्पर’ला भाड्याने राहायचो (मुंबईकरांसाठी: अप्पर इंदिरानगर, बिबवेवाडीच्या वर). एका रात्री टोळकं आलं, गल्लीत लावलेल्या गाड्यांच्या काचा फोडत गेलं. माझी सेकंडहँड मारुती त्यात. सकाळी सगळा रस्ता काचांनी चमचमत होता आणि लोक शांतपणे झाडून घेत होते, जणू पानगळ झालीये. मी महिन्याभरात घर सोडलं. मग मी लोकांना ‘तिकडे राहू नका’ सांगितलं तर तो पूर्वग्रह कसा? अनुभव आहे तो. कोयता घेऊन फिरणारी पोरं पेपरवाल्यांनी घरी बसून तयार केलेली नाहीत.

धागाकर्त्याने रात्री अकरानंतर त्या सोसायटीपाशी उभं राहून बघावं. दुपारी बारा वाजता सगळेच एरिया चांगले असतात.

शेवंती_बुधवारकर

@वास्तववादी, अनुभव मान्य. पण तुम्ही महिन्याभरात सोडलंत. जे झाडत होते ते अजून तिथेच असतील, त्यांचंही काही म्हणणं असेल की.

माझं सासर बुधवार पेठ. हो, वेश्यावस्तीवरून ओळखतात तीच. आता हसून घ्या सगळ्यांनी. घ्या, मी थांबते.

झालं? तर लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्याने पत्रिका हातात धरून विचारलं होतं, ‘पत्ता असाच छापणार?’ मग पत्रिकेवर ‘तांबडी जोगेश्वरीजवळ’ असं आलं, पेठेचं नाव गायब. सासऱ्यांना काहीच वावगं वाटलं नाही, कारण त्या घरात सगळे असंच सांगतात. शाळेच्या फॉर्मवर ‘अप्पा बळवंत चौकाजवळ’, इलेक्ट्रिकचं दुकान असलेले दीर ‘तपकीर गल्ली’ सांगतात, आणि पाहुण्यांना ‘दगडूशेठच्या मागे’. हे सगळं बुधवार पेठच आहे! पुण्यातल्या निम्म्या पोरांची पाठ्यपुस्तकं बुधवार पेठेतून येतात, मानाचा दुसरा गणपती तिथला, लाखो लोक दर्शनाला तिथेच येतात. पण रिक्षावाल्याला ‘बुधवार पेठ’ म्हटलं की आरशातून एकदा बघतोच.

वाईट त्याचं वाटत नाही, सवय झाली. खटकतं ते आमचंच वागणं. आम्ही वाड्यातले लोक ‘त्या’ गल्लीचं नाव घेत नाही, ‘तिकडची बाजू’ म्हणतो. तिकडच्या बायका आमच्याच किराणा दुकानात येतात, त्यांची मुलं आमच्याच बालवाडीत होती. बाहेरचा माणूस सगळ्या पेठेला जे करतो तेच आम्ही त्या दोन-चार गल्ल्यांना करतो.

कडबोळी

शेवंतीताई, फार छान लिहिलंत. ‘आरशातून एकदा बघतोच’ ला शंभर वेळा अनुमोदन. मी नाना पेठ.

जुनेद_एम

बरेच दिवसांनी लॉगिन केलं, या धाग्यासाठी.

आमचं मूळ घर रविवार पेठेत, वडिलांनी नंतर कोंढव्याला फ्लॅट घेतला. ‘कोंढवा’ म्हटलं की समोरचा किंचित थांबतो. वाईट काही बोलत नाही, पण ‘अच्छा, अच्छा’ दोनदा म्हणतो. नोकरीला लागल्यावर एका बँकेकडे कार्डासाठी अर्ज केला. पगार व्यवस्थित, कर्ज शून्य, तरी नामंजूर. एजंट पोरगा ओळखीचा निघाला, हळूच म्हणाला, ‘भाई, पत्ता निगेटिव्ह एरियात दाखवतंय. पुढच्या वेळी कोंढवा लिहू नको, एनआयबीएम रोड लिही.’ लिहिलं. घर तेच, दार तेच, पिनकोडही तोच ४११०४८. कार्ड घरपोच आलं.

एनआयबीएम म्हणजे राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था. ती संस्था स्वतः कोंढवे खुर्दमध्येच आहे. म्हणजे बँकवाल्यांना शिकवणारी संस्था कोंढव्यात चालते, आणि कोंढव्यात राहणाऱ्याला बँक नाही म्हणते. मला याचा राग यायचा, हल्ली हसू येतं.

@वास्तववादी, तुमच्या धुराच्या मुद्द्यावर एवढंच म्हणतो, की आमच्या भागाबद्दल पेपरात जे येतं ते मीही वाचतो, आणि माझ्या आईला मुलांबद्दल तुमच्याइतकीच काळजी वाटते. पण आम्हाला कोंढव्याबाहेर घर बघायचं म्हटलं तर सोसायटीवाले आडनाव ऐकूनच ‘आत्ताच गेला हो फ्लॅट’ म्हणतात. मुंब्र्याचं तेच झालं. ९२-९३च्या दंगलींनंतर माणसं जिथे घर मिळालं तिथे गेली, आणि मग लोक म्हणू लागले ‘हे सगळे एकाच ठिकाणी का राहतात?’

रस्तापेठी

जुनेदभाई, हे वाचून काय बोलावं कळेना. लिहीत राहा इथे.

शिवाजीपेठेचा_वाघ

कोल्हापुरातून रामराम. आमच्यात उलटं हाय. हितं पेठ लपवत न्हाईत, पेठ छातीवर लावून फिरतात. नवीन माणसाला पहिला प्रश्न ‘कुठल्या पेठेतला?’ शिवाजी पेठ म्हटलं की मंगळवारवाला भुवया वर करतो, मंगळवार म्हटलं की आम्ही करतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना असला की बघा, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण… माणूस जन्माला आला की तालीम, म्हंजे त्याचा संघ, ठरलेली. आणि बाहेरचे म्हणतात पेठेतली पोरं भांडकुदळ. हो, हाईत! पण रात्री दोनला दवाखान्यात रक्त पाहिजे म्हटलं तर हीच पोरं गाड्या काढतात. राजारामपुरीतल्या आठव्या गल्लीत शेजारी मेला तरी पेपरात वाचून कळतंय.

राजारामपुरी_नववी_गल्ली

ओ वाघ, जरा दमानं. आम्हाला कळतंय, आम्ही फक्त बोंब मारत न्हाई.

चकलीचं_भोक

धागा शाहू स्टेडियमवर गेला. परत आणा कोणीतरी.

पायथ्याचा_पोरगा

मी आणतो.

जनता वसाहतीत वाढलो. पर्वतीच्या उतारावर, पुण्यातल्या सगळ्यात मोठ्या झोपडपट्ट्यांपैकी एक. आयुष्यभर पत्ता सांगितला तो ‘पर्वती पायथा’. खोटं काहीच नाही त्यात, पर्वतीच्या पायथ्याशीच तर आहे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढे रमणा, देवदेवेश्वर, सकाळी चढणारे आजोबा येतात, आमची गल्ली येत नाही. कॉलेजात मित्र म्हणायचे ‘तुझ्याकडे येतो रे’, तर मी कायम सारसबागेपाशी भेटायचो. आमच्यातले बरेच जण हेच करायचे. दांडेकर पुलाची पोरं ‘सिंहगड रोड’ सांगायची.

पण एक गंमत सांगतो, जी बाहेरच्यांना माहीत नसते. वस्तीतही खालचे आणि वरचे असतात. खालच्या बाजूची घरं रस्त्याला लागून, पाण्याला जोर, रिक्षा दारापर्यंत. जसजसं टेकडी चढाल तसतसं पाणी बारीक होतं, आणि किंमतही. माझी आजी खालच्या गल्लीतली. ती वरच्यांबद्दल अगदी तेच बोलायची जे सहकारनगरवाले आमच्याबद्दल बोलायचे. ‘वरची पोरं वाया गेलेली, त्यांच्यात जाऊ नको.’ वरच्यांच्याही वर कोणी होतं का, आणि ते कोणाला नावं ठेवायचे, मला ठाऊक नाही. बहुतेक देवालाच.

@वास्तववादी, तुमच्या गाडीच्या काचा फुटल्या याचं वाईट वाटतं. माझ्या मामाची रिक्षाही अशीच फोडली होती. त्याच्याकडे एक महिन्यात दुसरीकडे जायची सोय नव्हती. टोळक्यातल्या पोरांची सगळ्यात जास्त भीती गल्लीतल्याच लोकांना असते, आणि त्या पोरांमुळे नाव मात्र त्याच लोकांचं जातं.

गप्पिष्ट_आजोबा

पायथ्याच्या पोरा, शाब्बास. सहकारनगरचा विषय काढलास म्हणून लिहितो. मी सहकारनगरात राहतो आणि तिथले आम्ही बरेचजण कोण? १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडलेली माणसं. पूरग्रस्तच. पुरानंतर काहींना सहकारी सोसायट्यांच्या मार्गाने इकडे प्लॉट मिळाले, काहींना गोखलेनगर, जनवाडीकडे छोट्या खोल्या मिळाल्या. पूर एकच, चिखल एकच. माझे वडील कारकून होते, सोसायटीचे हप्ते भरण्याइतका पगार होता. वाड्यात आमच्या खालच्या खोलीत राहणारा कासार, त्याचा धंदाच वाहून गेला, तो गोखलेनगरला गेला.

आज आम्ही ‘जुनी, सुसंस्कृत वस्ती’ आणि जनवाडी म्हटलं की लोक पाकीट चाचपतात. संस्कृती वगैरे काही नाही हो. हप्ता भरता आला की नाही, एवढाच फरक होता.

वास्तववादी_माणूस

आजोबा, हे माहीत नव्हतं. पण आज, या घडीला घर घेणाऱ्याला इतिहासाचा उपयोग काय? त्याचे पैसे अडकणार आहेत. उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक ‘येरवडा’ ऐकून भाव पाडणार. लोकांचा समज चुकीचा असेल, पण तो समजच बाजारभाव ठरवतो. चुकीच्या समजाविरुद्ध स्वतःच्या खिशाने लढाई करायला धागाकर्त्याला सांगू नका.

अरुंधती_एनजे

वास्तववादींचा हा मुद्दा खरंच कळीचा आहे. बाकीच्यांनी रागावू नका.

मी न्यू जर्सीत घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात आहे. एडिसनला घर बघायला येणारं प्रत्येक मराठी जोडपं मला विचारतं, ‘एरिया चांगला आहे ना?’ आणि मला उत्तर देता येत नाही. खरंच नाही. १९६८च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे वंश, धर्म वगैरे बघून गिऱ्हाइकाला एका भागाकडे वळवणं बेकायदा आहे, त्यामुळे ‘चांगला-वाईट’ हे शब्द आम्ही तोंडातूनच काढत नाही. मी म्हणते, शाळांचे आकडे बघा, पोलिसांची आकडेवारी बघा, संध्याकाळी चक्कर मारा. लोकांना वाटतं मी तुसडी आहे.

हा कायदा उगाच आला नाही. १९३०च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, सगळ्यात ‘धोक्याचे’ भाग लाल. काळ्यांच्या वस्त्या जवळजवळ सगळीकडे लाल. लाल भागात कर्ज मिळेना. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून घरं पडकी, आणि घरं पडकी म्हणून ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’. जुनेदच्या कार्डाची गोष्ट वाचताना मला तोच नकाशा दिसला. फरक इतकाच, की तिथे नकाशा छापलेला होता.

तेव्हा वास्तववादी, समज बाजारभाव ठरवतो हे बरोबर. पण मग बाजारभाव बघून ‘समज बरोबर होता’ म्हणू नका.

समाजशास्त्र_वाली

अरुंधतीच्या पुढे एक. शिकागोत सॅम्पसन आणि रॉडेनबुश या दोघांनी रस्त्यारस्त्यांतून गाडी फिरवून चित्रीकरण केलं. कचरा किती, भिंतींवर रंगवलेलं किती, पडकी घरं किती, सगळं मोजलं. मग राहणाऱ्यांना विचारलं, तुमच्याकडे बेशिस्त किती वाटते? २००४ साली निष्कर्ष छापले. प्रत्यक्ष कचरा सारखाच असला तरी जिथे काळे आणि गरीब जास्त, तिथे लोकांना बेशिस्त जास्त दिसत होती. आणि ऐका, असं दिसणाऱ्यांत त्या वस्तीतले काळे रहिवासीही होते. राहणाऱ्याचं मत म्हणजे शुद्ध अनुभव असं काही नसतं, बाहेरचं बोलणं तोही ऐकतच असतो. पायथ्याच्या पोराची आजी शिकागोत असती तर नमुन्यात आली असती.

पायथ्याचा_पोरगा

आजी शिकागोत असती तर तिथल्या वरच्या गल्लीला पण नावं ठेवली असती. हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

लालबागची_राणी_नव्हे

मुंबईकरांनी का गप्प बसायचं?

माझं माहेर करी रोडजवळची चाळ. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार, त्यात माझे बाबा. संप कधी संपला असं कोणी जाहीर केलंच नाही, गिरण्याच संपल्या. त्यानंतरच्या काळात आमच्या भागातल्या मुलांना स्थळं येईनात. ‘लालबाग-परळचा मुलगा’ म्हणजे बापाची नोकरी गेलेली, आणि पोरगा कुठल्या टोळीत जाईल याचा नेम नाही. त्याआधी हेच लालबाग शाहिरांचं, नाटकांचं, भजनी मंडळांचं. माणसं तीच होती हो, पगार थांबला होता.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल. बिल्डर त्याला ‘अप्पर वरळी’ म्हणतात. आमच्या चाळीसमोरच्या टॉवरमधल्या बाई माझ्या आईला लिफ्टपाशी (आई तिथे पोळ्यांना जाते) म्हणाल्या, ‘बिल्डिंग छान आहे, पण आजूबाजूची क्राउड बघा ना.’ आई म्हणाली, ‘बाई, ती क्राउड मीच.’

चकलीचं_भोक

आईंना साष्टांग.

आणि मुंबईत ‘अप्पर’ म्हटलं की भाव चढतो, पुण्यात ‘अप्पर’ म्हटलं की वास्तववादी घर सोडतो. नोंद घ्यावी.

वास्तववादी_माणूस

हे आवडलं. मान्य.

फुरसुंगीची_सून

कचऱ्यावर बोलू का जरा? लग्न होऊन फुरसुंगीला आले तेव्हा मैत्रिणींनी नाक दाबून फोटो पाठवला होता. पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोवर येत राहिला. विहिरींचं पाणी गेलं, माशा इतक्या की ताटावर पंखा लावून जेवायचो. गावाने आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, तेव्हा पेपरात काय, ‘पुणेकरांची कोंडी’. म्हणजे कोथरूडच्या भाज्यांची सालं आमच्या दारात, आणि घाणेरडा एरिया आमचा! तुरुंग, मनोरुग्णालय, कचरा डेपो, पुनर्वसनाच्या इमारती… शहर आपल्याला नको ते उचलून एका बाजूला ठेवतं आणि मग त्या बाजूला नाव ठेवतं. मुंबईत देवनार-गोवंडीचं हेच.

कडबोळी

याला जोडून एक. १९ मे २०२४चा तो कल्याणीनगरचा अपघात आठवा. आलिशान गाडी, अल्पवयीन चालक, दुचाकीवरचे दोघे गेले. देशभर बातमी झाली. त्यानंतर ‘कल्याणीनगरची पोरं वाया गेलेली’ असं कोणी म्हटलं का? तिथले भाव उतरले का? दोष त्या मुलाचा, त्या घरच्यांचा, पब संस्कृतीचा. तेच शेजारच्या येरवड्यातल्या पोराने केलं असतं तर दोष अख्ख्या येरवड्याचा झाला असता. श्रीमंत भागात गुन्हा माणसाचा असतो, गरीब भागात पत्त्याचा.

रस्तापेठी

कडबोळी, एकदम नेमकं. आणि त्या अपघाताची फिर्यादही येरवडा पोलीस ठाण्यातच. पेपरात ‘येरवडा पोलीस’ वाचून वाचून नाव पुन्हा येरवड्याचंच डोक्यात.

वाचनमात्र_कावळा

कोणी नागपूरचं आहे का? धरमपेठ विरुद्ध महाल सुरू करूया.

ॲडमिन_टीम

नको.

टेकडीवरचा_वारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. बायकोने पूर्ण धागा वाचला, आईला शेवंतीताईंचा आणि फुरसुंगीच्या सूनबाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. आई म्हणाली, ‘ते खरंय, पण तरी.’ ‘पण तरी’च्या पुढे ती गेली नाही.

वास्तववादींचं ऐकून रात्री अकराला गेलो होतो. सोसायटीच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची टपरी आहे, तो उशिरापर्यंत असतो. त्याला सरळ विचारलं, इथे राहायला कसं आहे? तो म्हणाला, ‘या गल्लीत काही त्रास नाही. नाल्यापलीकडे मात्र जाऊ नका रात्री.’ मग नाल्यापलीकडे गेलो. तिथे अंडा-भुर्जीची गाडी, त्याला तोच प्रश्न. ‘इकडे काही नाही साहेब, पुढच्या चौकात पोरं बसतात.’ पुढच्या चौकात पोरं बसली होती. मोबाइलवर क्रिकेट बघत होती. त्यांना विचारायचा धीर झाला नाही, पण त्यातल्या एकानेच विचारलं, ‘काय शोधताय काका?’ मी पस्तिशीचा आहे, ‘काका’ लागलं. घर बघतोय म्हटल्यावर म्हणाला, ‘घ्या की, पण मेन रोडच्या बाजूला नका घेऊ, तिकडे बारमधून सुटलेले लोक गाड्या बेफाम हाणतात.’

म्हणजे कल्याणीनगरच्या बाजूला नको! यावर आम्ही दोघं घरी येईपर्यंत हसत होतो.

समाजशास्त्र_वाली

यावर कोणीतरी प्रबंध लिहा रे. नसेल लिहायचा तर मी लिहिते.

वास्तववादी_माणूस

गेलात हे चांगलं केलंत. आता कामाचं विचारतो. बँकेचं व्हॅल्युएशन किती आलं? जाहिरातीतला भाव कल्याणीनगरचा आणि व्हॅल्युएशन येरवड्याचं असेल तर फरकाची रक्कम तुम्हाला खिशातून घालावी लागेल. ‘ॲनेक्स’ या शब्दाचे पैसे बँक देत नाही. तो फरक एजंटपुढे ठेवा आणि भाव पाडून घ्या. समजाचा फायदा बिल्डरच का घेईल, तुम्हीही घ्या.

टेकडीवरचा_वारा (धागाकर्ता)

वास्तववादी, हे डोक्यातच आलं नव्हतं. व्हॅल्युएशन पुढच्या आठवड्यात आहे. नक्की बोलतो.

जुनेद_एम

आणि कार्डाचा अर्ज करायचा असेल तर पत्त्यात ‘कल्याणीनगर ॲनेक्स’च लिहा. अनुभवाचे बोल.

शेवंती_बुधवारकर

ते सगळं राहू दे. पाणी किती वाजता येतं आणि टाकी भरते का, ते विचारलंत का कोणाला?

टेकडीवरचा_वारा (धागाकर्ता)

नाही विचारलं.

गप्पिष्ट_आजोबा

मग रात्री अकराला काय बघायला गेला होतात? उद्या पहाटे पाचला जा. आणि वॉचमनला विचारा, चेअरमनला नको.